बेळगाव ते धुळकोट : पेशवाईच्या अखेरचे दिवस

गोव्यातून चोर्ला घाट चढून बेळगावात शिरले, की शहराच्या पूर्व अंगाला रुंद खंदकाने वेढलेला जुना किल्ला लागतो. गोमंतकीयांच्या स्मरणात बेळगाव म्हणजे डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा ज्या ठाण्यातून मुक्तीच्या मोहिमेवर निघाल्या ते गाव. परंतु हे लष्करी ठाणे या शहराला मिळाले ते त्याआधी जवळजवळ दीडशे वर्षे, एका फार मोठ्या युद्धाच्या अखेरीस. १० एप्रिल १८१८ रोजी या किल्ल्यातील शिबंदीने इंग्रज सेनापती थॉमस मन्रो याच्यापुढे शस्त्रे खाली ठेवली. त्यानंतर चौपन्न दिवसांनी, येथून कित्येक मजल दूर नर्मदा-तापीच्या मधल्या डोंगरात, धुळकोटजवळ दुसरा बाजीराव पेशवा सर जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाला. पाठ्यपुस्तकांत तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा शेवट म्हणून ३ जून १८१८ ही एकच तारीख येते. ती चूक नाही, पण अपुरी आहे. बेळगाव, चिकोडी, निपाणी, बोरगाव या पट्ट्यापुरते पाहिले, तर युद्ध त्या दिवसाच्या पुष्कळ आधी आटोपले होते. आणि युद्ध संपवताना कागदावर जी वचने दिली गेली, त्यांचा हिशेब त्यानंतर चाळीस वर्षे चालू राहिला.

युद्धाचा आरंभ थोडक्यात सांगता येतो. १३ जून १८१७ च्या पुणे करारान्वये बाजीरावाने मराठी राज्यमंडळाच्या प्रमुखपदावरचा हक्क सोडला आणि धारवाडच्या बाजूचा मुलूखही इंग्रजांना द्यावा लागला. हा अपमान गिळून तो पाच महिने थांबला. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. १७ नोव्हेंबरला पुणे इंग्रजांच्या हाती गेले. तेथून पुढचे सात महिने म्हणजे एका राज्यकर्त्याची अखंड पायपीट आहे. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज व त्यांचे कुटुंब यांना बाजीरावाने बरोबर घेतले, उत्तरेकडे जुन्नरपर्यंत मजल मारली, १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी कोरेगावची लढाई झाली, आणि मग तो एकदम दक्षिणेकडे वळला.

या वळण्याला अर्थ होता. कृष्णेच्या दक्षिणेस पेशव्यांचे बडे सरंजामदार होते. पटवर्धनांची संस्थाने तिथे होती, सेनापती बापू गोखले यांचा कर्नाटकातील अंमल होता, निपाणीकर होते. फौजेला दाणागोटा, खजिन्याला वसूल आणि डोक्यावर छप्पर मिळायचे असेल तर ते या मुलखातच, अशी अटकळ बांधणे स्वाभाविक होते. बाजीराव घटप्रभेपर्यंत आला. तिथे त्याला कळले की ज्या प्रदेशाच्या भरवशावर तो आला होता, तो प्रदेश पायाखालून सरकला आहे. पाठीवर प्रिट्झलरची फौज होती आणि समोरचा मुलूख मन्रोने उठवलेला होता. तो माघारी फिरला आणि पुन्हा कधी कर्नाटकात आला नाही.

फौजेआधी अमलदार

मन्रो हा मूळचा मद्रास इलाख्यातला लष्करी अधिकारी, पण त्याची हयात गेली ती महसुलाच्या कामात. बारामहाल, कानडा आणि हवाली जिल्हे येथे रयतेशी थेट सारा ठरवण्याची पद्धत त्याने बसवली होती. पुणे करारात मिळालेला धारवाडकडील मुलूख ताब्यात घेण्यासाठी त्याला पाठवले होते. युद्ध पेटले तेव्हा त्याच्यापाशी नाव घेण्याजोगी फौज नव्हती. पुढे १८१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात जॉर्ज कॅनिंगने त्याचा गौरव केला तो याच मुद्द्यावर, की पाच-सहाशे लोकांनिशी बाहेर पडलेल्या या माणसाने वाटेतले नऊ किल्ले घेतले आणि मागे शांत मुलूख ठेवला.

त्याची युक्ती वरवर पाहता विलक्षण साधी होती. जो परगणा अजून जिंकलेला नाही, त्याचा अमलदार तो आधीच नेमून टाकी. हा अमलदार थोडी स्थानिक शिबंदी घेऊन परगण्यात शिरे, देसाई-देशपांडे, पाटील-कुलकर्णी यांना भेटे आणि सांगे की यापुढचा वसूल कंपनी सरकारात भरावा. पेशव्याच्या कामगाराला दिलेला पैसा मजरा धरला जाणार नाही. गावकऱ्यांपुढे प्रश्न सरळ होता : एकच सारा दोनदा भरायचा की नाही? पेशव्यांच्या अखेरच्या वर्षांत मामलती मक्त्याने दिल्या जात, आणि मक्तेदार आपली भर काढताना रयतेला पिळत. त्यामुळे जुन्या अंमलासाठी जीव द्यावा असे वाटणारे लोक गावोगाव फारसे उरले नव्हते. गदग, डंबळ, हुबळी ही ठाणी जानेवारीत पडली, बदामी आणि बागलकोट फेब्रुवारीत. वसूल थांबला की शिबंदीचा पगार थांबतो, आणि पगार थांबलेली शिबंदी किल्ला फार दिवस लढवत नाही. तोफखान्याइतकेच काम या हिशेबाने केले.

असे असले तरी बेळगावचा किल्ला सहजासहजी मिळाला नाही, हे नोंदवले पाहिजे. २० मार्चला मन्रो किल्ल्यापुढे आला. सपाट जमिनीवरचा हा किल्ला, पण खंदक खोल आणि तट भक्कम. आत सोळाशे लोक. वेढा घालणाऱ्यांच्या एका मोर्च्यातला दारूचा साठा उडाला, तेव्हा ती संधी साधून आतल्या लोकांनी बाहेर पडून हल्लाही केला. तो परतवला गेला. एकवीस दिवस मारा चालला. शरणागतीच्या वेळी किल्ल्यातील वीस माणसे मेली आणि पन्नास जखमी झाली होती. इंग्रजांकडे अकरा मृत, बारा जखमी. आकडे लहान दिसतात, पण सोळाशेपैकी सत्तर माणसे निकामी झाली म्हणून किल्ला सोडणारी ही शिबंदी भ्याड होती असा अर्थ त्यातून निघत नाही. ज्याच्यासाठी किल्ला राखायचा तो धनी उत्तरेकडे गेला होता, मदतीला येणारी फौज कुठेच नव्हती आणि आजूबाजूचा वसूल दुसऱ्याच्या तिजोरीत जात होता.

वेढ्यात मन्रोला मदत करणाऱ्यांत कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र सर्जा होते. त्याबद्दल कंपनीने त्यांचे संस्थान कायम केल्याची सनद त्यांना दिली. या सनदेकडे पुन्हा यावे लागेल.

निपाणीकरांचा पेच

बेळगावच्या उत्तरेस दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यात निपाणी, सदलगा, बोरगाव ही गावे येतात. या भागातला प्रमुख सरदार म्हणजे सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, इतिहासात जो आप्पा देसाई निपाणकर या नावाने अधिक ओळखला जातो. हा गृहस्थ मुरब्बी होता. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या मोहिमेत तो पेशव्यांच्या पथकासह इंग्रजांच्या बाजूने लढला होता. बाजीरावाने त्याला सरलष्कर हा किताब दिला होता. आणि कोल्हापूरकरांशी त्याचे हाडवैर होते. चिकोडी आणि मनोळी हे दोन तालुके हे त्या वैराचे मूळ. १८१२ च्या तहात कोल्हापूरकरांनी या तालुक्यांवरचा दावा सोडला आणि ते निपाणीकरांकडे राहिले.

१८१८ च्या आरंभी निपाणीकर पेशव्यांच्या बाजूला होता, पण मनापासून नव्हता. अशा सरदारांसाठीच माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ११ फेब्रुवारीचा जाहीरनामा काढला. आदल्याच दिवशी सातारचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला होता आणि त्यावर छत्रपतींचे निशाण चढवले गेले होते. जाहीरनाम्याचा आशय असा : बाजीरावाचे राज्य संपले, त्यातला काही भाग छत्रपतींना मिळेल, बाकीचा कंपनीकडे जाईल, कोणाच्या धर्मात हात घातला जाणार नाही, वतने, इनामे, वर्षासने, देवस्थानांची उत्पन्ने चालू राहतील, मक्त्याची पद्धत बंद होईल, आणि बाजीरावाच्या चाकरीत असणाऱ्यांनी दोन महिन्यांच्या आत घरी परतावे, नाहीतर त्यांच्या जमिनी जातील. बाजीरावाला वसूल देऊ नये, दिल्यास सूट मिळणार नाही, हे कलमही त्यात होते. मन्रो दक्षिणेत जे प्रत्यक्ष करीत होता, त्यालाच या जाहीरनाम्याने सर्व मुलखापुरते वचनाचे रूप दिले.

लढाई जिंकण्यापूर्वी प्रत्येकाला त्याच्या मालमत्तेची हमी द्यायची आणि त्या हमीला मुदत घालायची, असे हे शस्त्र होते. सरंजामदारासमोर आता पेशव्याशी निष्ठा की फितुरी एवढाच प्रश्न राहिला नाही. वाडवडिलांची जहागीर दोन महिन्यांत राखायची की गमवायची, असा तो प्रश्न झाला. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पंढरपूरजवळ आष्टी येथे जनरल स्मिथने पेशव्यांच्या फौजेला गाठले. बापू गोखले तिथे लढता लढता पडले; छत्रपती प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या छावणीत आले; बाजीराव निसटला. सेनापती गेला आणि ज्यांच्या नावाने राज्य चालायचे ते छत्रपतीही गेले, म्हणजे लढाईला ना हात उरला ना शिक्का. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, बेळगाव पडले त्याच सुमारास, एल्फिन्स्टनने प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवले.

पटवर्धनांपैकी बहुतेक वेळेवर घरी परतले आणि त्यांची संस्थाने राहिली. निपाणीकराने मात्र पाऊल उशिरा उचलले. त्याची बरीचशी जहागीर वाचली, पण चिकोडी आणि मनोळी कोल्हापूरकरांना मिळाले, कारण कोल्हापूरकरांनी या युद्धात इंग्रजांची बाजू लवकर आणि उघडपणे घेतली होती. चिकोडी तालुक्यातील गावांना त्यामुळे सहा वर्षांत पुन्हा नवा धनी आला. आणि तोही टिकला नाही. १८२७ च्या तहाने हे दोन्ही तालुके कोल्हापूरकडून काढून कंपनीने स्वतःकडे घेतले. मोठ्या युद्धाची अखेर गावाच्या चावडीवर ही अशी दिसते : पाटील तोच, कुलकर्णी तोच, वहीही तीच, फक्त भरणा कोणाच्या नावे करायचा, ते नाव बदलत जाते.

दोन शरणागती, दोन भाषा

किल्ले एकामागून एक जात होते. मार्चच्या आरंभी सिंहगड, मध्यावर पुरंदर, एप्रिलच्या आरंभी वासोटा, १० मे रोजी रायगड. रायगडावर बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई होती. तोफांच्या माऱ्याने राजवाड्याला आग लागली होती. मेच्या मध्यास मन्रो आणि प्रिट्झलर यांनी सोलापूर घेतले. यांतले बहुतेक किल्ले बोलणी करून मिळाले. किल्लेदाराला कौल द्यायचा, म्हणजे जीविताची व खासगी चीजवस्तूची हमी द्यायची, आणि त्याने दरवाजे उघडायचे, ही रीत दोन्ही बाजूंना ठाऊक होती. ती रीत चुकली तर काय होते, याची दोन उदाहरणे खानदेशात घडली.

२७ फेब्रुवारीला तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यापुढे सर थॉमस हिस्लॉपची फौज उभी राहिली. होळकरांशी झालेल्या मंदसोरच्या तहाने हा किल्ला इंग्रजांकडे आला होता, पण किल्लेदार तुळशीराम मामा याने तो तत्काळ सोडला नाही. मारा झाल्यावर बोलणी सुरू झाली. किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. काही इंग्रज अधिकारी आतल्या दरवाज्यापर्यंत गेले. तिथे एकमेकांचे बोलणे कोणाला नीट समजले नाही, झटापट झाली, दोन अधिकारी मारले गेले. मागून आलेल्या सैन्याने किल्ल्यातील सुमारे तीनशे माणसे कापून काढली, आणि हिस्लॉपने किल्लेदाराला फाशी दिले. पार्लमेंटाने हिस्लॉपच्या फौजेचे आभार मानले, पण थाळनेरच्या या कृत्याबद्दलचे मत राखून ठेवले. शरण आलेल्या माणसाला फासावर चढवण्याचे समर्थन त्या काळीही सोपे नव्हते.

दुसरे उदाहरण मालेगावचे. तिथल्या भुईकोटात अरब शिबंदी होती. १८ मेच्या सुमारास सुरू झालेला वेढा जवळजवळ महिनाभर चालला. इंग्रजांची दोनशेहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. इकडे ३ जूनला पेशवा स्वाधीन झाला तरी मालेगावचे अरब लढतच होते. ते १३ जूनला बाहेर आले, आणि तेही वागणूक चांगली मिळेल असे लिहून घेतल्यावर. हा लेख मराठीत होता, आणि इंग्रज सेनापतीला जेवढे द्यायचे होते त्यापेक्षा त्यातला मजकूर सैल होता : शिबंदीच्या हिताचे ते केले जाईल, पगाराबद्दल लिहिले जाईल, अशा स्वरूपाचा. पुढे वाद निघाला तेव्हा एल्फिन्स्टनने तो मजकूर अरबांना अनुकूल असाच वाचला. कारकुनाच्या लेखणीतून उतरलेले मराठी शब्द एका फौजेला बांधून घेऊ शकले, असा हा त्या युद्धातला विरळा प्रसंग.

खेरीची भेट

बाजीराव आता कुठे होता? आष्टीनंतर तो उत्तरेकडे निघाला, नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांची मदत मिळेल या आशेने. परंतु आप्पासाहेब आधीच इंग्रजांच्या कैदेत पडले होते. १७ एप्रिलला वऱ्हाडाच्या सीमेवर शिवणी येथे कर्नल अॅडम्सने पेशव्याला गाठून त्याची फौज उधळली. त्यानंतर सरदार गटागटाने घरी परतू लागले. उरलेले सुमारे आठ हजार लोक घेऊन तो असीरगडाच्या पश्चिमेस धुळकोटच्या डोंगरात येऊन राहिला. असीरगड शिंद्यांचा, तिथला किल्लेदार जसवंतराव लाड त्याला आतून अनुकूल होता. भोवती निरनिराळ्या इंग्रज तुकड्या होत्या. पाऊस तोंडावर आला होता.

१६ मे रोजी बाजीरावाचा वकील आनंदराव जसवंत महूला माल्कमच्या छावणीत पोहोचला. वकील माल्कमकडेच का आला, हे समजून घेण्यासारखे आहे. १८०३ मध्ये बाजीरावाला पुण्याच्या गादीवर पुन्हा बसवणाऱ्या मंडळींत माल्कम होता. युद्धाच्या आदल्या पावसाळ्यात, ऑगस्ट १८१७ मध्ये, माहुलीला दोघांची भेट झाली होती. आपले तीन इंग्रज मित्र, पैकी क्लोज वारला, वेलस्ली फार दूर आहे, राहिला तो माल्कम, अशी बाजीरावाची भावना होती आणि ती त्याने माल्कमला बोलूनही दाखवली. यात लाघव किती आणि खरे किती, ते सांगणे अवघड. बाजीरावाच्या आर्जवी बोलण्याची कीर्ती त्याच्या शत्रूंनीही लिहून ठेवली आहे.

१ जूनला डोंगराच्या पायथ्याशी खेरी या गावी भेट झाली. बाजीराव अजूनही पेशवा हे नाव आणि पुण्यातील वास्तव्य मागत होता. माल्कमने दोन्ही नाकारले. त्याने ठेवलेल्या अटी अशा होत्या : बाजीरावाने स्वतःचे व आपल्या वारसांचे राज्यावरील सर्व हक्क सोडावेत, चोवीस तासांच्या आत कुटुंब व थोडे लोक घेऊन इंग्रज छावणीत यावे, हिंदुस्थानात काशी किंवा दुसऱ्या एखाद्या तीर्थक्षेत्री राहावे, कंपनी त्याला दरसाल आठ लाखांपेक्षा कमी नाही असे वेतन देईल, त्याच्यापायी ज्यांची वाताहत झाली त्या जहागीरदारांच्या व जुन्या सेवकांच्या विनंत्यांकडे सहानुभूतीने पाहिले जाईल, त्याच्या घराण्याने पोसलेले ब्राह्मण व देवस्थाने यांचाही विचार होईल.

२ जूनचा दिवस गेला. दिवस अशुभ आहे, एक दिवस थांबावे, असा निरोप पेशव्याकडून आला. माल्कमने आपली फौज पुढे सरकवली. ३ जूनच्या सकाळी बाजीराव डोंगर उतरून छावणीत आला. शनिवारवाड्यात बाजीराव बल्लाळ, नानासाहेब, माधवराव यांनी चालवलेला कारभार एका अनोळखी गावाच्या शिवारात, एक तोफही न उडता, संपला. सहा दिवसांनी शेवटचा प्रसंग घडला तो विदारक होता : थकलेल्या पगारासाठी बाजीरावाच्या स्वतःच्या अरब शिपायांनीच त्याच्या तंबूला गराडा घातला, आणि त्याला सोडवावे लागले ते माल्कमला.

आठ लाखांच्या आकड्यावरून इंग्रजांतच वाद झाला. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जचे म्हणणे होते की चोहीकडून कोंडलेल्या माणसाला इतके देण्याचे कारण नव्हते. माल्कमचे उत्तर असे की पेशवा असीरगडात शिरला असता तर पावसाळाभर वेढा घालावा लागला असता, मुलूख पुन्हा पेटला असता आणि खर्च याच्या कैक पट झाला असता. एल्फिन्स्टन आणि मन्रो या दोघांनीही माल्कमला दुजोरा दिला. हेस्टिंग्जला वाटले होते की हा आजारी, मध्यमवयीन माणूस फार काळ जगणार नाही. बाजीराव त्यानंतर बत्तीस वर्षे जगला. कानपूरजवळ बिठूर येथे २८ जानेवारी १८५१ रोजी तो वारला. तोवर कंपनीने त्याच्यावर अडीच कोटींहून अधिक रुपये खर्च केले होते. असीरगड स्वतः मात्र एप्रिल १८१९ पर्यंत पडला नाही, यावरून माल्कमचा अंदाज अगदीच निराधार नव्हता असे दिसते.

वचन कोणापर्यंत?

आता उरतो प्रश्न १८१८ च्या कागदांचा. जहागिरी राहतील, इनामे राहतील, संस्थाने कायम, असे त्यांत लिहिले होते. पण कोणापर्यंत? सनद ज्याला दिली त्याच्यापर्यंत, त्याच्या पोटच्या मुलापर्यंत, की दत्तक मुलापर्यंतही? हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक हा औरस पुत्रासारखाच वारस. कंपनीच्या मते जहागीर ही सरकारने दिलेली वस्तू, आणि दत्तकाला सरकारची मंजुरी हवी. युद्ध संपवण्याच्या घाईत हा फरक कोणी स्पष्ट करून घेतला नाही. करून घेण्याजोगी स्थितीही एका पक्षाची नव्हती.

पहिला घाव बेळगावच्या शेजारीच बसला. सप्टेंबर १८२४ मध्ये कित्तूरचे शिवलिंगरुद्र निपुत्रिक वारले. बेळगावच्या वेढ्यात ज्यांनी मन्रोला मदत केली होती, तेच हे. त्यांचा दत्तक धारवाडच्या कलेक्टर थॅकरेने मानला नाही. राणी चन्नम्मांनी शस्त्र उचलले आणि २३ ऑक्टोबरला थॅकरे कित्तूरच्या किल्ल्यापुढे मारला गेला. डिसेंबरात कित्तूर पडले. १८३९ मध्ये निपाणीचा सिद्धोजीराव वारला. त्यालाही औरस मुलगा नव्हता, दत्तक मंजूर झाला नाही आणि त्याची जहागीर खालसा झाली. चिकोडी-मनोळी गमावूनही वीस वर्षे सांभाळलेले जे उरले होते, तेही गेले. १८४८ मध्ये साताऱ्याची पाळी आली. एल्फिन्स्टनने जी गादी पुन्हा उभी केली होती, तिच्यावरचा दत्तक डलहौसीने फेटाळला. १८५१ मध्ये बाजीरावाचे वेतन त्याचा दत्तक पुत्र नानासाहेब याला नाकारले गेले. धुळकोटच्या अटींत वारसांचे हक्क सोडण्याचा उल्लेख होता, वारसांना वेतन देण्याचा नव्हता. कंपनीने तेवढेच वाचले. मालेगावच्या अरबांना जो मोकळा अर्थ मिळाला, तो पेशव्याच्या मुलाला मिळाला नाही.

सरदारांच्या खाली, गावच्या इनामदारांपर्यंतही हे पोहोचले. दक्षिण महाराष्ट्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच प्रदेशात १८४३ पासून इनामांच्या सनदा तपासण्याचे काम सुरू झाले आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला पक्के अधिकार मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या जमीन खाणाऱ्या कुटुंबांना पेटाऱ्यातले जुने कागद काढून दाखवावे लागले. ज्यांचे कागद वाळवीने खाल्ले होते किंवा धामधुमीत जळले होते, त्यांच्या हाती काही राहिले नाही. ११ फेब्रुवारी १८१८ च्या जाहीरनाम्यात इनामे चालू राहतील असे म्हटले होते. त्या वेळी सनदा दाखवण्याची अट कोणी घातली नव्हती.

या कामात वावरलेला चार्ल्स मॅन्सन नावाचा अधिकारी पुढे दक्षिणेतील संस्थानांचा पोलिटिकल एजंट झाला. नरगुंदचे संस्थान १८१८ नंतर भावे घराण्याकडे कायम ठेवले गेले होते. तिथले भास्करराव ऊर्फ बाबासाहेब यांनी दत्तकाची परवानगी मागितली होती; ती नाकारली गेली. २९ मे १८५८ च्या रात्री सुरेबान येथे मुक्कामाला असलेल्या मॅन्सनला बाबासाहेबांच्या लोकांनी गाठून ठार केले. काही दिवसांतच नरगुंद इंग्रजांच्या हाती पडले आणि बाबासाहेब पकडले गेले. त्यांना बेळगावला आणून १२ जून १८५८ रोजी फाशी देण्यात आले. मन्रोने किल्ला घेतल्याला तेव्हा चाळीस वर्षे आणि दोन महिने झाले होते.